गव्हाचं देणं

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं एक पान असतं आणि त्याचा साचा ठरलेला असतो. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, त्यानंतर ग्रंथपाल, 'वेळोवेळी सहकार्य करणारी' पत्नी आणि शेवटी सुबक टंकलेखन करून देणाऱ्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे चालक. माझ्या प्रबंधातलं पानही असंच आहे. विषय होता अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस पिकवणारे बटईदार आणि त्यांचं साहित्यातलं चित्रण. परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा एक मुलगा अलाबामा-मिसिसिपीच्या बटईदारांवर लिहितो, तेव्हा त्याला तिथवर नेणारे हात एका पानात मावत नाहीत. त्यातले काही तर त्या वेळी मला दिसलेही नव्हते. आता नोकरी संपली आहे, पदोन्नतीसाठी कुणाचे आभार मानायचे राहिलेले नाहीत. म्हणून ते पान सावकाश पुन्हा लिहायला घेतलं आहे.

पहिलं देणं आमच्या सरांचं. औरंगाबादला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो तेव्हा अमेरिकन साहित्याचा पेपर ते शिकवत. शर्ट बाहेर, पायात साधी चप्पल, हातात खडू आणि आवाज असा की पाठीमागच्या बाकावर डुलकी घेणं शक्य नसे. आमच्यापैकी अनेकांची थोरोशी ओळख दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार'मधून झालेली. तळ्याकाठची झोपडी, साधी राहणी, एकांत, असं सगळं भारावून मनात बसलेलं. सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, "झोपडीला पैसा कुठून आला?"

वर्गात शांतता. मग सरांनीच सांगितलं की, थोरोनं खर्चाचा तक्ता पुस्तकातच दिलेला आहे. फळ्या, खिळे, चुना, जुन्या विटा, सगळं धरून २८ डॉलर साडेबारा सेंट. आणि ज्या जमिनीवर ती झोपडी उभी राहिली ती मित्राची, एमर्सनची. "एकांतसुद्धा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो," सर म्हणाले.

हा प्रश्न म्हणजे त्यांचा पिंडच होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा शिकवताना त्यांनी जेफरसनच्या मळ्याचा हिशेब काढला. सर्व माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या या माणसाच्या मालकीची जन्मभरात ६०० हून अधिक माणसं होती. पण सर तिथे थांबून टाळ्या घेत नसत. जाहीरनाम्यातला शब्द खोटा ठरत नाही, उलट तो शब्दच पुढे फ्रेडरिक डग्लससारख्या गुलामीतून पळून आलेल्या माणसाच्या हाती लागतो आणि १८५२ साली तो अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावरच्या भाषणात त्या देशाकडे उघड हिशेब मागतो, हे ते तेवढ्याच तन्मयतेनं शिकवायचे. अमेरिकेची आरती ओवाळणारे आणि तिला शिव्या घालणारे, दोन्ही त्या काळी विद्यापीठात भरपूर होते. सरांकडे दोघांनाही थारा नव्हता.

त्यांनी मला तळटिपा वाचायला शिकवल्या. "मुख्य मजकुरात लेखक बोलतो, तळटिपेत त्याचे सावकार बोलतात. आधी त्यांचं ऐक," असं ते म्हणत. मी प्रबंधासाठी विषय शोधत होतो तेव्हा हेमिंग्वे, फॉकनर अशी नावं घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे पुढे ठेवले. सरांनी विचारलं, "तुमच्याकडे पीक कुठलं?"

"ज्वारी, तूर, कापूस."

"मग कापसावर कर. अमेरिकेचा इतिहास तुझ्या बांधापर्यंत आलेला आहे. नीट बघितला नाहीस एवढंच."

आणि त्यांनी तिथेच, पोहे निवत असताना, मला तो इतिहास सांगितला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. दख्खनच्या, वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले, कारण पांढऱ्या बोंडाचं सोनं होत होतं. मुंबईत शेअरांचा बाजार असा फुगला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे कागद सोन्याच्या भावानं विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावर मात्र तेजीच्या भरवशावर घेतलेलं कर्ज तसंच राहिलं, वर सारावाढ झाली. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून कर्जखतांची होळी केली. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. त्याच्या चौकशीला आयोग बसला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्यातून आला.

"मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर पाहिलायस?" सरांनी शेवटी विचारलं. "प्रेमचंद रायचंदनं कापसाच्या त्याच तेजीत त्याला पैसा दिला. पोरं तिथं बसून शेक्सपियर वाचतात. वाचावाच. पण टॉवरच्या पायात काय पुरलंय तेही माहीत असावं."

त्या संध्याकाळी मला विषय मिळाला आणि आयुष्यभर पुरेल असा एक प्रश्नही.

दुसरं देणं हैदराबादचं. अमेरिकेवर गंभीर काम करायचं तर त्या काळी आपल्याकडे एकच ठिकाण होतं. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली सुरू झालेलं अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर. देशभरातले प्राध्यापक आणि संशोधक तिथली छोटी अभ्यासवृत्ती घेऊन काही आठवडे राहायला येत. मनमाड-काचीगुडा मीटरगेजची गाडी पकडायची, रात्रभर डबा हलत राहायचा, सकाळी काचीगुड्याला उतरून रिक्षा करायची. निजामाच्या राज्यात आमच्या भागातली हुशार मुलं याच वाटेनं उस्मानियाला शिकायला जात. आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची भव्य इमारत मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा गावातले एक वृद्ध वकील तिच्याबद्दल उर्दूमिश्रित मराठीत जे सांगत ते अतिशयोक्तीचं नव्हतं असं कळलं.

सेंटरच्या ग्रंथालयात पहिल्या दिवशी मी नुसता फिरलो. अमेरिकेतल्या एकेका राज्याच्या, एकेका परगण्याच्या इतिहासाचे खंड, शेतकी खात्याचे जुने अहवाल, मायक्रोफिल्मवरची वर्तमानपत्रं. आमच्या गावाकडे तालुक्याच्या वाचनालयात कादंबऱ्यांच्या दोन कपाटांना कुलूप असे. इथं काउंटरवरचे एक तेलुगू गृहस्थ मला खास दखनीत म्हणाले, "क्या होना बोलो, मिलता." आणि खरोखर मिळायचं. मायक्रोफिल्मचं यंत्र चालवायला त्यांनीच शिकवलं. फिल्म उलटी बसवली की अलाबामाची बातमी डोक्यावर उभी राहायची, ते न हसता येऊन सुलट करून देत. दुपारी जेवणात भात, अंबाडीची चटणी आणि पातळ सांबार. भाकरीची आठवण व्हायची, पण घंटा झाली की पुन्हा टेबलाकडे धाव. मला मिळालेली पुस्तकं त्यांच्या हातून मिळाली. माझ्या छापील ऋणनिर्देशात 'ग्रंथालयीन कर्मचारी' एवढंच आहे.

सवयीप्रमाणे मी तिथंही सरांचा प्रश्न विचारला. एवढ्या पुस्तकांना पैसा कुठून आला? उत्तर मिळालं ते असं. १९५४ मध्ये अमेरिकेनं एक कायदा केला, पब्लिक लॉ ४८०. तिकडे गव्हाच्या अतिरिक्त पिकानं कोठारं तुडुंब भरली होती, साठवणुकीचा खर्च सरकारला परवडेना. तो गहू गरीब देशांना द्यायचा आणि किंमत डॉलरऐवजी त्या देशाच्या चलनात घ्यायची. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. धान्य रेशनच्या दुकानांतून विकलं जाई आणि त्याचे रुपये इथंच अमेरिकेच्या नावावर जमा होत. ते साचत साचत एवढे झाले की त्यांचं करायचं काय हा दोन्ही सरकारांपुढे प्रश्न पडला. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली करून त्यातला मोठा भाग सोडून दिला. बाकीचे रुपये अमेरिकेनं इथल्या खर्चासाठी ठेवले. याच गव्हाच्या रुपयांतून शिष्यवृत्त्या निघाल्या, पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि हैदराबादची ती कपाटं भरली.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला हे सांगितलं. आमच्याकडे १९६६ सालची मिलो कुणी विसरलेलं नाही. अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, तव्यावर काळपट पडायची आणि खाताना घशात टोचायची. त्या वर्षी प्रेसिडेंट जॉन्सन भारताला महिन्या-महिन्याच्या हिशेबानं धान्य सोडत होते. व्हिएतनामवरची भारताची भूमिका त्यांना रुचली नव्हती, शिवाय भारतानं शेतीकडे लक्ष द्यावं म्हणून दाब ठेवायचा होता. बंदराला जहाज लागलं की नाही यावर रेशनच्या दुकानाची फळी उघडणार की नाही ते ठरे. मी आईला म्हटलं, "अमेरिकेनं आपल्याला धान्य दिलं, त्याच पैशातून मी वाचतोय ती पुस्तकं आली."

आई निवडत होती ते सूप खाली ठेवून म्हणाली, "दिलं कशाचं? रोख पैसे मोजून आणलंय. तुझ्या बापानं तूर विकली होती मिलोसाठी."

सेंटरच्या छापील माहितीपत्रकात हे वाक्य नव्हतं, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ते चोख होतं. कॅन्ससच्या शेतकऱ्यानं पिकवलं, त्याचे पैसे अमेरिकी करदात्यानं भरले, जहाजानं इथं आलं आणि रेशनच्या रांगेत उभं राहून आईनं त्याचे पुन्हा पैसे दिले. त्या दुसऱ्यांदा दिलेल्या पैशातून मी वाचलो. अमेरिकेचं माझ्यावर ऋण आहे, ते मी नाकारत नाही. दुष्काळात पोटाला मिळालं नसतं तर वाचायला कोण उरलं असतं? पण त्या ऋणाच्या पावतीवर आईचीही सही आहे.

तिसरं देणं एका अशा माणसाचं, ज्याला मी कधी भेटलो नाही आणि ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. नेड कॉब. अलाबामातल्या टॅलापूसा परगण्यातला काळा शेतकरी, जन्म १८८५. थिओडोर रोझेनगार्टन नावाचा तरुण संशोधक १९६९ मध्ये बटईदारांच्या जुन्या संघटनेची माहिती काढत त्याच्या दारात गेला. म्हातारा बोलू लागला तो थांबेचना. त्या ध्वनिमुद्रणांतून १९७४ साली 'ऑल गॉड्स डेंजर्स' हे पुस्तक निघालं, त्यात कॉबचं नाव बदलून नेट शॉ ठेवलं आहे. पुढच्या वर्षी त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. कॉब मात्र त्याआधीच, १९७३ मध्ये, वारला होता.

त्याचं आयुष्य म्हणजे कापूस, खेचरं आणि दुकानदाराचा हिशेब. गुलामी १८६५ मध्ये संपली. मुक्त झालेल्यांना चाळीस एकर मिळणार अशी आशा लागली होती. जनरल शर्मननं जानेवारीत किनारपट्टीची जमीन वाटायचा हुकूम काढलाही होता. पण लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं ती जमीन वर्षाच्या आत जुन्या मालकांच्या घशात घातली. मग राहिली बटई. जमीन मालकाची, बियाणं-खत-पीठ-मीठ दुकानदाराकडून उधार, तारण म्हणून उभं पीक. नाताळच्या सुमाराला हिशेब व्हायचा आणि वर्षभर राबून बटईदार पुन्हा देणेकरीच निघायचा. वही दुकानदाराची, पेन दुकानदाराचं, आकडे दुकानदाराचे. कॉबनं या सगळ्यातून वर येत स्वतःची खेचरं घेतली, मोटार घेतली. डिसेंबर १९३२ मध्ये शेजाऱ्याची जनावरं जप्त करायला पोलीस आले, तेव्हा तो त्यांच्यासमोर उभा राहिला. गोळीबार झाला आणि त्यानं १२ वर्षं तुरुंगात काढली. तडजोड करून लवकर सुटायची संधी होती, ती त्यानं घेतली नाही.

हे पुस्तक मी रात्री ओसरीवर वडलांना मराठीत सांगत असे. वडील कधी एखाद्या गोष्टीला वाहवा म्हणणारे नव्हते. ते मध्येच विचारत, "खेचर नांगराला बैलापेक्षा बरं पडतं का?" कापसाच्या गाठीचं वजन विचारत. कॉबला पन्नास वर्षांपूर्वीच्या गाठींची वजनं आणि मिळालेला भाव आठवतो हे ऐकून ते म्हणाले, "आठवणारच. लिहिता येत नाही त्याला सगळं ध्यानातच ठेवावं लागतं." आईचा प्रश्न वेगळा होता. "बारा वर्षं तो आत होता तर बाईनं रान कसं केलं?" प्रबंधात एका संपूर्ण प्रकरणाला त्या प्रश्नानं दिशा दिली. शेताच्या इतिहासात कर्त्या पुरुषाच्या गैरहजेरीतलं काम कुठे नोंदलं जातं, हे शोधायला मी त्यानंतर शेतकी अहवाल पुन्हा वाचायला घेतले.

चौथं देणं मित्राचं, आणि ते सगळ्यांत जड आहे. तो मिलिंद महाविद्यालयातून बी.ए. करून एम.ए.ला आला होता. डॉ. म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसं जिथं शिकवत होती, तिथला तो मुलगा. आम्ही काळ्या अमेरिकन लेखकांची नावं पाठ्यपुस्तकाबाहेर धडपडत शोधत होतो, तेव्हा त्याच्याकडे 'अस्मितादर्श'चे अंक होते आणि त्यांत त्या साहित्याची चर्चा आधीच चालू होती. त्यानंच मला सांगितलं की मराठी माणसाचा अमेरिकेचा अभ्यास काही विद्यापीठात सुरू झालेला नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी तो देश फिरून पाहिला आणि १८८९ मध्ये त्याच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. शारदा सदन उभं राहिलं ते बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळाच्या वर्गणीवर. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आणि परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करायची या करारावर. दलित पँथरनं तर नावच तिकडून आणलं. पैसा कुठून आला हा सरांचा प्रश्न, तर शब्द कुणाच्या कामी आला हा मित्राचा.

जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. आम्ही वर्गात अमेरिकेच्या दक्षिणेतले दंगे, जाळपोळ, लिंचिंग यांच्यावर वाचत होतो आणि मित्र आपल्या माणसांची खबर काढायला एस.टी. स्टँडवर ताटकळत होता. परत आला तेव्हा तो फारसं बोलला नाही.

काही वर्षांनी मी हैदराबादहून आलो आणि त्याला मोठ्या उत्साहानं नेट शॉची कथा सांगितली. त्या दुकानदाराच्या वहीत मला आमच्या मोंढ्यातला आडत्या दिसतो, त्या बटईदारात माझे वडील दिसतात, असं म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या घरी सालगडी होता ना?"

"होता."

"त्याची वही कोण लिहायचं?"

मी लिहायचो. सहावी-सातवीपासून. माझं अक्षर चांगलं म्हणून वडलांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. मित्र पुढे काही म्हणाला नाही. त्याला काही म्हणायची गरजही नव्हती.

गावी गेल्यावर माळवदावरच्या ट्रंकेतून ती वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, वर कुंकवाचं स्वस्तिक. आमच्याकडे साल पाडव्याला ठरतं आणि पाडव्यालाच सुटतं. पहिल्या ओळीत सालाची ठरलेली रक्कम, त्याखाली उचल. पुढे तारखेनिशी: ज्वारी चार पायली, बायकोचं लुगडं, पोराच्या औषधाला, पोळ्याला, जत्रेला, खाडे अमुक दिवस. शेवटी एकूण, वजाबाकी आणि 'बाकी पुढील साली'. पुढच्या पानावर पहिलीच ओळ 'मागील बाकी'. शेजारी अंगठ्याचा जांभळा ठसा. हैदराबादला मायक्रोफिल्मवर अलाबामातल्या दुकानदारांचे जे रकाने मी रात्र-रात्र उतरवून घेतले होते, ते हेच होते. आम्ही काही मोठे जमीनदार नव्हतो. १९६६ साली वडील मोंढ्यात स्वतः नडलेले होते, मिलोसाठी तूर विकत होते. एका वहीत देणेकरी असलेला माणूस दुसऱ्या वहीत धनको असतो, हे कुठल्याही सिद्धान्तातून मला इतकं स्वच्छ समजलं नसतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या वहीमुळे बदललं. अलाबामातले छोटे गोरे शेतकरी, स्वतः कर्जात बुडालेले असूनही काळ्या बटईदाराच्या बाजूनं उभे का राहत नव्हते, हे मी तोवर पुस्तकांतून समजावून सांगत होतो. आता ते मला ओसरीवरून सांगता येत होतं.

पुढे नोकरीच्या काळात एका अभ्यासवृत्तीवर शिकागोला जाणं झालं. तिथल्या विद्यापीठाच्या रेगनस्टाइन ग्रंथालयात दक्षिण आशियाचा मोठा संग्रह आहे. मी सहज मराठीच्या रांगेत शिरलो आणि उभाच राहिलो. आमच्याकडच्या जिल्हा ठिकाणांहून निघालेली, शे-पाचशे प्रतींची, पुण्या-मुंबईतही न दिसणारी पुस्तकं तिथं कापडी बांधणीत ओळीनं लावलेली. विचारणा केल्यावर जुनंच नाव पुढे आलं. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत कचेरी थाटून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली आणि तिकडच्या विद्यापीठांना वाटली. पैसे पीएल ४८० चे. म्हणजे हैदराबादेत अमेरिकेची पुस्तकं आली तीही आईच्या मिलोच्या पैशावर आणि शिकागोला मराठी पुस्तकं गेली तीही त्याच खात्यातून. एलिनॉर झेलियट, गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अमेरिकन बायांनी आंबेडकरी आणि सत्यशोधक चळवळींवर मूलभूत काम केलं, ते मराठी शिकून, आपल्या गावाशहरांतून हिंडून. गेलताई तर कासेगावच्याच झाल्या. परदेशाचा अभ्यास म्हणजे फक्त त्यांचं आपण शिकायचं असं नसतं, एवढं त्या रांगेत उभ्या उभ्या ध्यानात आलं.

गावी परतल्यावर मी कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या जुन्या सालगड्यांकडे गेलो. लहानपणी आम्ही पोरंही त्यांना अरे-तुरे करायचो. आता ते थकले होते, नजर अधू झाली होती. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-योजनेतून गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांचे खंड मी हैदराबादला वाचले होते आणि अभ्यासकांचा इशाराही वाचला होता. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे, कधी जुन्या मालकाच्याच नात्यातले. समोरचा म्हातारा जपून बोलणार, गोड बोलणार, हे धरूनच ती कागदपत्रं वाचावीत. इथं तर मालकाचा मुलगाच समोर बसला होता. पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "तुमच्या बापानं लई जीव लावला, बापू." मी ते नोंदवलं. मग त्यांच्या मुलानं, तो तेव्हा तालुक्याला शिक्षक होता, सांगितलं, "तुम्ही बाहेर बसा. मी विचारतो." पुढच्या कॅसेटा त्यानं भरल्या. त्यांत जीव लावल्याचंही आहे आणि पावसाळ्यात पोराला ताप असताना खाडा लागल्याचंही आहे. मला हे मुलाखततंत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकानं इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

तो मजकूर उतरवून, टाईप करून मी त्यांच्या घरी नेला तोवर म्हातारे गेले होते. मुलानं पानं ओळ न ओळ वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. दुष्काळाच्या सालची उचल. वहीत माझ्या अक्षरात दोनशे होती.

"आबा दीडशे म्हणायचे," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणत होते. टेपमध्ये पण दीडशेच आहे, ऐका."

मी ऐकलं. दीडशेच होतं. वडील तेव्हा हयात होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, वहीत आहे ते खरं. दुसरा काही पुरावा नव्हता, आणि त्या पन्नास रुपयांवर त्या माणसाचं आणखी किती राबणं खर्ची पडलं असेल याचा हिशेब आता कुणालाच मांडता येणार नव्हता. मजकूर छापायला दिला तेव्हा सरांनी शिकवलेली रीत वापरली. मुख्य मजकुरात दीडशे ठेवले आणि वहीतला आकडा तळटिपेत टाकला.